अण्णांचा ओ

मदाइन सालेहला जायचं तर तेव्हा परवानगीचं पत्र लागायचं. दोन हजार पाच सालची गोष्ट. पासपोर्ट आणि इकाम्याच्या, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्याच्या, प्रती जोडून अर्ज करायचा, आठ-दहा दिवस वाट बघायची, मग सगळ्यांची नावं अरबीत टाइप केलेला एक कागद हातात पडायचा. वाटेतल्या प्रत्येक चेकपोस्टवर तो दाखवायचा. मी रियाधमध्ये एका बँकेच्या आयटी विभागात होतो आणि सुनीती, माझी बायको, एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स. दोघांना ईदची सुट्टी एकदम मिळाली असं ते पहिलंच वर्ष, आणि त्याच वर्षी अण्णा आमच्याकडे व्हिजिट व्हिसावर आले होते.

अण्णा म्हणजे माझे वडील, दीनानाथ झांबरे. भुसावळला मालगाडीचे गार्ड म्हणून लागले आणि मेलचे गार्ड म्हणून रिटायर झाले. आई जाऊन वर्ष झालं होतं. घरात एकटे बसून राहतात, जेवत नाहीत धड, असं माझी बहीण विभा कल्याणहून सारखं सांगायची, म्हणून मी त्यांना तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं.

माणूस मुळातच कुरकुऱ्या. चहा पाणचट, खुबूस म्हणजे तिथली रोटी चिवट, एसी लावला तर फार थंड, बंद केला तर जीव घुसमटतो. "तुमच्या या गावात चालायला फुटपाथ नाही आणि बोलायला माणूस नाही," हे रोज संध्याकाळी एकदा व्हायचंच. सुनीती मनाला लावून घ्यायची नाही. "तक्रार करतायत ना, म्हणजे तब्येत ठीक आहे," म्हणायची.

एकदा जेवताना मी सहज म्हणालो की दमास्कसपासून मदिनेपर्यंत तुर्कांनी शंभर वर्षांपूर्वी रेल्वे टाकली होती, मदाइन सालेहला तिचं स्टेशन अजून उभं आहे. अण्णांनी घास ताटात ठेवला.

"गेज किती?"

"म्हणजे?"

"दोन रुळांमधलं अंतर रे. बापाचं आयुष्य त्यावर गेलं आणि तुला एवढं माहीत नाही?"

दुसऱ्या दिवशी मी अर्ज केला.

निघायच्या आधी बत्हाच्या बाजारात जाऊन खरेदी केली. मोठा थर्मास, पाण्याचे दोन कॅन, अण्णांसाठी चालायचे बूट. बूट घालून त्यांनी दुकानातच चार फेऱ्या मारल्या आणि चावतात म्हणून सांगितलं. तरी घेतले.

मदिनेवरून रस्ता जवळचा, पण मुसलमान नसल्यामुळे तो आम्हाला बंद. म्हणून बुरैदा, हाइल असा वळसा घेतला. माझी जुनी पजेरो होती. पहिल्या रात्री हाइलला मुक्काम, दुसऱ्या दिवशी दुपारी अल-उला, मदाइन सालेहच्या शेजारचं गाव. तिसऱ्या दिवशी मदाइन सालेहची प्राचीन थडगी पाहिली. वाळूच्या सपाटीवर एकेक डोंगर सुटा उभा आणि त्याच्या अंगात घराच्या दर्शनी भिंतीसारखं कोरलेलं थडगं. आत मात्र एक साधी चौकोनी खोली. अण्णा दोन-तीन पाहून कंटाळले. "एवढं मोठं दार आणि आत काहीच नाही," म्हणाले. संध्याकाळी अल-उलाचं जुनं गाव बघितलं. मातीची एकाला एक चिकटलेली घरं, वरून झाकलेल्या अरुंद गल्ल्या. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लोक नव्या घरांत राहायला गेले, तेव्हापासून सगळं रिकामं.

रेल्वे स्टेशनवर मात्र त्यांची कळी खुलली. इंजिनाची शेड, पाण्याची टाकी. तिथल्या रखवालदारानं सांगितलं की उत्तरेला अशी लहान लहान स्टेशनं ओळीनं आहेत, वीस-वीस किलोमीटरवर एक. तिथे कोणी जात नाही.

"उद्या ती बघू," अण्णा म्हणाले. आई गेल्यापासून त्यांनी 'उद्या' हा शब्द उच्चारलेला मी ऐकला नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी निघालो. डांबरी रस्ता सोडला आणि जुन्या रेल्वेच्या भरावाला धरून गाडी घातली. रूळ कोणीतरी कधीच उचलून नेलेले, नुसता मातीचा भराव सरळ उत्तरेला गेलेला. अण्णा पुढे बसून लहान मोऱ्या मोजत होते. पहिलं स्टेशन पडलेलं होतं. दुसऱ्याला पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते.

दगडी, दुमजली, किल्ल्यासारखी इमारत. खिडक्यांच्या जागी अरुंद फटी. समोर एक बुजलेली विहीर. चहूबाजूंना सपाट वाळू, झाड नाही, झुडूप नाही, कोणी माणूस चालत गेला तर अर्धा तास दिसत राहील अशी जागा. वारा नव्हता. गाडीचं इंजिन बंद केल्यावर जी शांतता आली ती सुनीतीलाही जाणवली असावी, कारण दार लावताना तिनं ते हळूच लावलं.

"कोळसा जळतोय कुठंतरी," अण्णा म्हणाले.

मलाही वास आला. मी रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेला, ओल्या कोळशाचा धूर मला कळतो. मला वाटलं, कोणी मेंढपाळ चूल पेटवून बसला असेल. पण धूर दिसत नव्हता.

आम्ही गाडीच्या सावलीत चटई टाकली. सुनीती थर्मासमधून चहा ओतायला लागली. अण्णा उभेच होते. इमारतीकडे बघत होते. मग त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, आणि आतून कोणीतरी विचारल्यासारखं, मोठ्यानं उत्तर दिलं.

"हां भाई, आता हूँ!"

"कोणाला म्हणताय, अण्णा?"

"बोलावतोय तो. दोन मिनिटांत येतो."

"कोण बोलावतंय?"

"आमच्यातलाच दिसतोय कोणी," ते म्हणाले आणि भरभर चालत आत गेले.

मी लगेच मागून गेलो नाही. मला वाटलं, आत एखादा रखवालदार असेल, हिंदी बोलणारा. अण्णांना बोलायला माणूस मिळाला तर बरंच. चहा प्यायलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग उठलो.

आत खाली तीन खोल्या, त्यांना एकच दार, ज्यातून ते गेले ते. वरच्या मजल्याचा जिना मधूनच तुटलेला. तुर्कांचं सोनं मिळेल म्हणून लोकांनी जमीन जागोजागी खणली होती. अण्णा खड्ड्यात पडले की काय म्हणून मी टॉर्च मारून प्रत्येक खड्डा पाहिला. कमरेएवढे खोल, सगळे रिकामे. मागच्या भिंतीत फटींशिवाय काही नाही. बाहेर येऊन इमारतीला फेरी मारली. वाळूवर बुटांचे ठसे होते ते गाडीपासून दारापर्यंत. पुढे नाहीत.

"अण्णा!" मी हाक मारली.

"ओ!" आतून आवाज आला.

माझा जीव भांड्यात पडला. मी पुन्हा आत गेलो. कोणी नव्हतं.

"अण्णा, कुठे आहात?"

"ओ!" आता आवाज बाहेरून, भरावाच्या बाजूनं.

असं किती वेळ चाललं सांगता येत नाही. मी हाका मारायचो, ओ यायचा, मी धावायचो. सुनीती दाराशी उभी होती. तिनं माझा दंड धरला.

"थांब. नीट ऐक. दोन आहेत."

"काय दोन आहेत?"

"ओ दोन येतायत. एक जवळून, एक लांबून. दोन्ही अण्णांचेच."

"घुमतो आवाज, सुनीती. दगडी भिंती आहेत."

"जवळचा आधी येतो," ती म्हणाली. "तुझी हाक पुरी व्हायच्या आत येतो. आपण घुमणं म्हणतो ते असं नसतं."

मी पुन्हा हाक मारली. माझ्या तोंडून "अण्" एवढंच निघालं होतं तेव्हा आतल्या खोलीतून ओ आला. तो संपला आणि मग, खूप दूरवरून, उत्तरेकडून, दुसरा. तो दुसरा जरा चिडलेला होता. अण्णा दोनदा हाक मारली की चिडायचे तसा.

मोबाइलला रेंज नव्हती. पोलिसांना आणायला रस्त्यापर्यंत जावं लागलं असतं. सुनीतीला एकटीला सोडून मी जाऊ शकत नव्हतो आणि तिनं गाडी चालवणं तेव्हा कायद्यात बसत नव्हतं. तरी ती म्हणाली, "मी जाते. पकडलं तर पकडलं." आमचं असं चाललेलं असताना दक्षिणेकडून धुरळा उडवत एक पाण्याचा टँकर आला.

टँकरवाला पठाण होता, पाकिस्तानातल्या स्वाबीकडचा. नाव इस्मत खान. उंटांच्या कळपांना पाणी पोचवायचं काम करायचा. मी धडपडत सगळं सांगितलं. त्यानं इमारतीकडे एकदाही पाहिलं नाही. टँकरमधून खालीसुद्धा उतरला नाही.

"आवाज़ दी थी?" त्यानं विचारलं.

"बहुत बार."

"जवाब आया?"

"आया. दो आवाज़ें आती हैं."

"अब मत बुलाओ," तो म्हणाला. " नज़दीक वाले को तो बिल्कुल मत बुलाओ. बैठ जाओ."

"भाईसाहब, मेरे वालिद अंदर हैं..."

"अंदर नहीं हैं. आ जाएँगे. असर की नमाज़ तक आ जाते हैं." मग, स्टिअरिंगवर बोटं वाजवत, "मेरा बड़ा भाई भी गया था. तीन साल पहले. हम ने रात तक आवाज़ें दीं."

"वापस आए?"

"आया. गाँव में है. खेती करता है, नमाज़ पढ़ता है, सब से मीठा बोलता है. अच्छा आदमी है." त्यानं गिअर टाकला. "जो पहले वाला भाई था, वो इतना अच्छा आदमी नहीं था. बहुत झगड़ा करता था हम से."

एवढं बोलून तो गेला. आम्हाला त्यानं खिडकीतून प्यायच्या पाण्याचा एक कॅन दिला होता, तेवढंच.

आम्ही थांबलो. हाका मारल्या नाहीत. गाडीची सावली एका बाजूची दुसऱ्या बाजूला गेली. कोळशाचा वास मधे एकदा फार तीव्र झाला आणि पायाखालची वाळू थरथरली असं मला वाटलं. सुनीतीला विचारलं नाही. मग वास गेला तो गेलाच.

पावणेचारला अण्णा दारातून बाहेर आले.

सावकाश, हसतमुखानं. "चला, निघू या," म्हणाले.

सुनीती धावत गेली आणि चार पावलांवर थांबली. मीही थांबलो. अण्णा रोज सकाळी दाढी करायचे. सुट्टी असो, आजारपण असो, आईला नेलं त्या दिवशीसुद्धा. त्या सकाळी हॉटेलात केलेली मी पाहिली होती. आता त्यांच्या गालांवर आठ-दहा दिवसांची पांढरी दाढी होती.

"अण्णा, कुठे होतात?"

"इथेच. दोन मिनिटं बसलो जरा."

"आणि ही दाढी?"

त्यांनी गालावरून हात फिरवला. त्यांनाही ती नवीच असावी असं वाटलं. "वाढली वाटतं," म्हणाले. "उद्या करतो."

सुनीतीनं गाडीत त्यांची नाडी पाहिली, डोळे पाहिले. ती कामावर असते तशी झाली होती. चेहऱ्यावर काही नाही, हात शांत. तहान लागली का, भूक लागली का, चक्कर येते का. सगळ्याला नाही. अल-उलाच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरनं तपासलं, प्रकृती उत्तम म्हणाला. साखर मोजली तर चौऱ्याण्णव. अठरा वर्षं गोळ्या खाणारा माणूस. सुनीतीनं दुसऱ्या बोटातून पुन्हा मोजायला लावली. पुन्हा चौऱ्याण्णव.

रियाधला परतलो. पुढचे तीन आठवडे काय सांगू? काहीच झालं नाही. अण्णा वेळेवर उठायचे, वेळेवर झोपायचे. आठवणी सगळ्या शाबूत. भुसावळच्या क्वार्टरचा नंबर, माझ्या दहावीचे मार्क, आईचं ऑपरेशन कोणत्या साली, काहीही विचारा. फक्त कुरकुर गेली. खुबूस छान असतो म्हणाले. एसी तुम्हाला हवा तेवढा ठेवा म्हणाले. एका सकाळी सुनीती स्वयंपाकघरातून माझ्याकडे आली, पदराला हात पुसत, आणि दार लोटून घेतलं.

"त्यांनी माझ्या चहाला चांगला म्हटलं."

"मग चांगलंच आहे की."

"उमाकांत, मी त्यांचा हर्नियाचा व्रण पाहिला. काल पाठीला मलम लावायचं निमित्त काढून. व्रण तिथेच आहे. खांद्यावरचा तीळ आहे. सगळं त्यांचंच आहे. तरी मला खोलीत त्यांच्याबरोबर एकटं बसवत नाही."

मी तिच्यावर चिडलो. म्हातारा माणूस दुःखातून बाहेर येतोय, तू व्रण काय तपासतेस, असं काहीतरी बोललो. चिडण्याचं कारण वेगळं होतं. अण्णा मला जन्मभर 'उमा' म्हणायचे. त्या दिवसापासून ते मला 'उमाकांत' म्हणत होते.

व्हिसा संपायला अजून महिना होता. पण एके दिवशी ते स्वतःच म्हणाले, "आता घरी जावं म्हणतो." मी तिकीट काढलं. रियाध ते मुंबई, दुपारी दोनचं विमान. विभाचा नवरा सुबोध त्यांना घ्यायला विमानतळावर येणार होता.

आम्ही दोघं त्यांना सोडायला गेलो. एअरलाइनमधल्या ओळखीच्या माणसानं मला पासपोर्टच्या खिडकीपर्यंत येऊ दिलं, अण्णांना भाषा येत नाही म्हणून. अण्णांनी बाहेर जाण्याचं कार्ड भरलं, सही केली, पासपोर्टबरोबर आत सरकवलं. खिडकीतला पोरगेला अधिकारी कॉम्प्युटरवर नंबर टाकून थांबला. पुन्हा टाकला.

"हा माणूस गेलाय," तो म्हणाला.

"गेला म्हणजे?"

"खुरूज. देशाबाहेर. खलास." त्यानं बोटानं तारीख दाखवली. ईदचा चौथा दिवस. दुपारी दोन वाजून वीस मिनिटं. उत्तर सीमेवरची एक चौकी, जॉर्डनच्या बाजूची.

त्या दिवशी दोन वीसला मी आणि सुनीती त्या स्टेशनासमोर चटईवर बसलो होतो. ती चौकी तिथून चारशे किलोमीटरवर आहे.

त्यानं वरिष्ठाला बोलावलं. पिकल्या दाढीचा, शांत माणूस होता. त्यानं कुठेतरी फोन केला, आम्हाला बाकावर बसायला सांगितलं. अण्णा बाकावर हात मांडीवर ठेवून बसले, जराही न चुळबुळता. पंचवीस मिनिटांनी फॅक्स आला. सीमेवरच्या चौकीत भरून दिलेलं कार्ड.

वरिष्ठानं मला काउंटरशी बोलावलं. समोर तीन वस्तू ओळीनं ठेवल्या. डावीकडे तो फॅक्स, मधे अण्णांचा उघडा पासपोर्ट, उजवीकडे त्यांनी अर्ध्या तासापूर्वी माझ्यासमोर भरलेलं कार्ड. त्याला देवनागरी येत नव्हती, पण सह्या बघायला लिपी यावी लागत नाही.

अण्णांची सही मला पाठ आहे. माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर असायची. 'दी'ची वेलांटी मागे लांब ओढलेली, आणि 'झांबरे'च्या शेवटी खाली एक फटकारा. पासपोर्टवर ती होती. फॅक्सवर तीच होती, वेलांटी, फटकारा, सगळं. उजवीकडच्या कार्डावर 'दीनानाथ झांबरे' असं लिहिलेलं होतं. सुवाच्य, एकेक अक्षर सुटं, शाळेतलं मूल पाटीवर गिरवतं तसं.

त्यानं तिन्हींवरून नजर फिरवली. मग बाकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"हाधा अबूक?" त्यानं विचारलं. हा तुझा बाप आहे का?

मीही बाकाकडे पाहिलं. तिथे माझे वडील बसले होते. तेच कपाळ, तेच कान, तेच हात. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि वाट पाहत राहिले. त्या नजरेत राग नव्हता, विनवणीही नव्हती. नुसतं थांबलेपण होतं.

तुम्ही काय सांगितलं असतंत? परक्या देशात पोलिसासमोर, माझ्या जामिनावर आलेल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल मी काय म्हणायला हवं होतं? हा माझा बाप नाही? मग कोण आहे, असं त्यानं विचारलं असतं. शिवाय, खरं सांगतो, मला ते संपवायचं होतं. त्यांना विमानात बसवून घरी जायचं होतं.

"हो," मी म्हणालो. "माझे वडील आहेत."

"नक्की?"

"नक्की."

त्यानं खांदे उडवले. आधी आत आल्याचा शिक्का मारला, त्याच्याच शेजारी बाहेर गेल्याचा. म्हातारा हिंदी माणूस, सणाची गर्दी, कुठेतरी कागदांची अदलाबदल झाली असेल, असं तो त्या पोरग्याला समजावत होता. अण्णांनी पासपोर्ट घेतला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात गरम होता, माणसाचा असतो तसाच.

"फार उपकार झाले, उमाकांत," म्हणाले आणि आत गेले.

पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसलो. सुनीतीला सगळं सांगितलं. ती पट्टा लावायचा म्हणून हातात धरून बसली, लावला नाही. विमान सुटून अर्धा तास झाला असेल तेव्हा मोबाइल वाजला. विभा होती.

"काय रे, सांगायचं नाही का? सुबोध आत्ता विमानतळाकडे निघणार होता, आणि अण्णा तर येऊन थडकले!"

"कोण आलं?"

"अण्णा! आत्ता दारात. स्टेशनवरून चालत आले म्हणे. कपडे कोळशानं नुसते काळेकुट्ट झालेत, काय अवस्था करून पाठवलंस त्यांची? आल्या आल्या चहा प्यायले आणि अगोड म्हणून माझ्यावर ओरडले."

"विभा... पासपोर्ट आहे त्यांच्याजवळ?"

"शर्टाच्या खिशातच होता. मी काढून कपाटात ठेवला. का?"

"फोन दे त्यांना."

खडबड झाली. मग तो आवाज.

"उमा? काय रे तू! किती वेळ थांबलो मी. तू हाक मारायचास, मी ओ द्यायचो. दर खेपेला दिला. आणि तू आलाच नाहीस. शेवटी गाडी सुटायची वेळ झाली."

सुनीतीनं माझ्या हातातून फोन घेऊन कानाला लावला, ऐकत राहिली आणि रडायला लागली. पलीकडून अण्णा चिडून विचारत होते की लाइनवर कोण आहे, बोलत का नाही.

सुबोधला मी तरीही विमानतळावर जायला सांगितलं. कारण सांगितलं नाही. एक बॅग यायची आहे, एवढंच म्हणालो.

ते अण्णा पुढे सहा वर्षं जगले. भुसावळला, आपल्या घरात, सगळ्यांशी भांडत. त्या प्रवासाबद्दल फारसं बोलले नाहीत. गाड्या फार बदलाव्या लागल्या, म्हणायचे, आणि एकाही गाडीत धड पाणी नव्हतं. आम्ही रियाध सोडून पुण्याला आलो. मी ही गोष्ट कोणाला सांगत नाही, पण सुबोधनं त्या दिवशी जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय ती पुरी होत नाही.

सुबोध साडेआठपासून बाहेरच्या कठड्याशी उभा होता. रियाधची फ्लाइट उतरली, लोक बाहेर यायला लागले. आणि ट्रॉलीवर आमची निळी बॅग घेऊन अण्णा बाहेर आले. सुबोध तीन तासांपूर्वी अण्णांना घरी आंघोळीला बसवून निघाला होता. ते सरळ त्याच्याकडे आले, ओळखीचं हसले.

"घरी कोण आहे?" त्यांनी विचारलं.

सुबोध म्हणतो, त्याच्या तोंडून खरं तेच निघून गेलं. "अण्णा आहेत."

त्यांनी मान हलवली. वाईट वाटल्यासारखं काही दिसलं नाही. ट्रॉली सुबोधच्या हातात दिली. "मग बॅग तेवढी घेऊन जा," म्हणाले, आणि वळून गर्दीतून चालू लागले.

"पण तुम्ही... तुम्ही कुठे जाणार?" सुबोधनं मागून विचारलं.

ते थांबले. फार गोड आवाजात, त्याची समजूत घातल्यासारखे बोलले.

"माझी काळजी करू नका. उमाकांतनं मला हो म्हटलंय."